मराठी शाळांसाठी वर्षभराची टेस्ट सिरीज : नऊ शाळांनी मिळून घेतली, आमचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवतो. गेल्या वर्षी आम्ही नऊ शाळांनी मिळून एका कंपनीची वर्षाला चार टेस्टची सर्व्हिस घेतली, सातवी ते नववी, एकूण 640 मुलं, दर मुलामागं 160 रुपये. म्हणजे एक लाख दोन हजार चारशे. हे पैसे संस्थांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी घातले, पालकांकडून एक रुपया घेतला नाही. कंपनीचं नाव टाकत नाही, त्यांचा माणूस शेवटपर्यंत फोन उचलत होता आणि सांगितलेल्या बऱ्याच चुका त्यांनी सुधारल्या. पण दुसऱ्या कुठल्या शाळा असलं काही घ्यायच्या विचारात असतील तर आधी हे वाचा.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, वर्षाला चार एफए (छोट्या चाचण्या) आणि दोन एसए (सत्र परीक्षा) आहेत, वर आणि ही टेस्ट कशाला? एका पालकांनी मीटिंगमध्येच विचारलं, "सर, पोरं शिकणार कवा ओ, परीक्षाच देत बसली तर?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आम्ही जादा टेस्ट घेतलीच नाही, एफएच्या जागीच ही घ्यायची आणि तेच मार्क सॅट्सवर (सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत) चढवायचे असं ठरवलं. सरकारी सर्व्हे होतात, 4 डिसेंबर 2024 ला केंद्राच्या परख या मूल्यमापन संस्थेचा झाला तिसरी, सहावी, नववीचा, पण तो निवडक शाळांत होतो आणि जिल्ह्याचं चित्र दाखवतो, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेल्या पोराला काय येत नाही ते त्यातून मला कळत नाही. मला ते कळायला पाहिजे होतं, आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या, आधी दोन-तीन वर्षं कळायला पाहिजे होतं.

आधी चांगलं सांगतो. प्रश्नवार रिपोर्ट, यासाठीच हे पैसे वसूल. जूनमधल्या पहिल्या टेस्टला मागच्या इयत्तांचं होतं, त्यात सातवीला 3/4 + 1/2 किती असा साधा प्रश्न होता. एका शाळेत 41 पैकी 27 मुलांनी 4/6 चा गोल काळा केला. म्हणजे अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. पर्याय असे विचार करून दिलेले असले की मूल चुकलं एवढंच कळत नाही, कसं चुकलं ते कळतं. त्या वर्गाच्या बाईंना वाटत होतं अपूर्णांक पाचवीत झालेत, आता पुढं जायचं. त्यांनी दहा दिवस रोज पंधरा मिनिटं कागदाच्या पट्ट्या घड्या घालून पुन्हा शिकवलं आणि पाच प्रश्नांची वहीतच टेस्ट घेतली, तेव्हा तसं चुकणारी 9 राहिली. एफएच्या मार्कांच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं, तिथं फक्त 15 पैकी 7 दिसतात.

ओएमआरची, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेची, सवय हा दुसरा फायदा. आठवीला एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, 90 प्रश्न मॅटचे (बुद्धिमत्तेचे), 90 सॅटचे (शाळेतल्या विषयांचे), दोन्हीला दीड-दीड तास, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आमच्याकडच्या घरात ही मोठी रक्कम आहे. आणि पोरं तिथं ओएमआर पहिल्यांदा बघतात, गोल अर्धा भरतात, नंबर चुकवतात. आता तसं होणार नाही.

आता दुखणं. पेपर. बाहेरून घेतलेल्या पेपरांची आमच्या मराठी शाळांना नेहमीची अडचण अशी की कोल्हापूर-पुण्याकडचे पेपर आणले तर मराठी चांगली असते पण पुस्तक वेगळं, तिकडं दहावीला बीजगणित, भूमिती वेगळी, आपल्याकडं गणिताचा एकच पेपर, धड्यांचा क्रम वेगळा. आणि बेंगळूरूकडचे आणले तर अभ्यासक्रम आपला पण मराठी मशीनची. ही कंपनी दुसऱ्यातली. सातवीच्या विज्ञानाच्या पेपरात "विमान आरशातील प्रतिमा कशी असते?" असं छापून आलं. इंग्रजीतल्या प्लेन मिररचं कुणीतरी विमान केलं, सपाट आरसा लिहायला पाहिजे होतं. मी त्या दिवशी त्या वर्गावर सुपरवायझर होतो. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून हळूच म्हणाली, "सर, विमानात आरसा कुठं असतोय ओ?" तिला त्या धड्यातलं सगळं येत होतं, मला माहीत आहे, मागच्या आठवड्यात तिनं फळ्यावर आकृती काढून दाखवली होती. तिनं तो प्रश्न सोडला. आठवीच्या गणितात काटकोनाचं "उजवा कोन" आणि घनफळाचं "आवाज" झालं होतं. अशा पेपरात मूल नापास झालं तर ते कशात नापास झालं? आपल्या भाषेत शिकायला मिळावं म्हणून पालक पोरांना आपल्याकडं घालतात, आणि आपणच त्यांच्या हातात असला कागद द्यायचा, मला रात्री झोप लागली नाही.

कन्नडच्या पेपरचंही तसंच. त्यांनी कन्नड माध्यमाच्या मुलांचा पेपर पाठवला. आमच्या पोरांना कन्नड आलंच पाहिजे, बसपासून ऑफिसपर्यंत सगळीकडं लागतं, पण आमच्याकडं ती तिसरी भाषा आहे, घरात कुणी बोलत नाही, पहिल्या भाषेचा पेपर देऊन काय मोजणार.

वेळापत्रकही बेंगळूरूत बसून केलेलं. दुसरी टेस्ट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या आठवड्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस कसा असतो ते सांगायला नको, दोन दिवस सुट्टी जाहीर झाली, उरलेल्या दिवसांत रोप लावणी, माझ्या वर्गात 38 पैकी 21 हजर. आणि सॉफ्टवेअरनं गैरहजर मुलांना शून्य धरून शाळेची सरासरी काढली! पेपरचे गठ्ठे एसटीनं साध्या कागदात गुंडाळून आले, ओल लागून ओएमआर फुगले, ते स्कॅनच होईनात. शिवाय आमच्यातल्या दोन शाळा निपाणीकडच्या. महसुली जिल्हा बेळगाव पण शैक्षणिक जिल्हा चिकोडी, डीडीपीआय (शिक्षण उपसंचालक) वेगळे, कार्यक्रम वेगळे. कंपनीनं सगळ्यांना एकाच जिल्ह्यात टाकलं आणि निपाणीच्या शाळांची टेस्ट नेमकी त्यांच्या स्पोर्ट्सच्या दिवशी आली.

रिपोर्टला जूनमध्ये 24 दिवस लागले, कारण ओएमआर कुरिअरनं पाठवायचे होते. 24 दिवसांत दोन धडे पुढं जातात, मग मागं कोण येणार. आम्ही आग्रह धरल्यावर मोबाईलवर स्कॅन करायचं ॲप दिलं, मग दोन दिवसांत रिपोर्ट यायला लागला. जांबोटीकडच्या सरांना नेटवर्क मिळत नाही म्हणून खानापूरला येऊन अपलोड करावं लागायचं, पण त्यांनी प्रत्येक वेळी केलं.

एक गोष्ट मात्र आम्ही भांडून बंद करायला लावली. पहिल्या रिपोर्टमध्ये नऊ शाळांची नंबरवार यादी होती. लगेच ग्रुपवर चर्चा, कुणाची शाळा कितवी. दुसऱ्या टेस्टला एका शाळेत गठ्ठा आदल्या दिवशी फोडून मुलांकडून प्रश्न करून घेतले. त्या सरांना मी दोष देत नाही, नंबर लावला की माणूस घाबरतो. पण मग रिपोर्ट खोटा, आणि खोट्या रिपोर्टवर शिकवायचं काय? आता प्रत्येक शाळेला फक्त आपलाच रिपोर्ट जातो, पालकांना नंबर कळवत नाही, मुलाला काय येतं आणि काय राहिलं एवढंच सांगतो.

दिवाळीनंतरच्या दोन टेस्टला आम्ही पेपर स्वतः काढले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येक विषयाचे तीन-चार शिक्षक बेळगावात टिळकवाडीतल्या एका शाळेत जमायचे, आपल्या मराठी पुस्तकातले शब्द समोर ठेवून 20 पर्यायी आणि 5 लिहायचे प्रश्न, मग दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं ते सोडवून बघायचे. छपाई शहरातल्याच प्रेसमध्ये, प्लॅस्टिक पॅकिंगसकट. पाच लिहायचे प्रश्न आम्हीच तपासतो, ते सोडू नका, नुसत्या गोलांवर एसएसएलसी होत नाही.

म्हणून स्टार असे : रिपोर्टला पाच, सर्व्हिसला चार, मराठी पेपरला शून्य. यंदा फक्त स्कॅनिंग आणि रिपोर्टच घेतोय, त्याचा दर मुलामागं 70 रुपये ठरलाय, पेपर आमचे. तारखा आम्ही दिल्या : जूनचा दुसरा आठवडा, लावणी झाल्यावर ऑगस्टअखेर, दसऱ्याच्या सुट्टीनंतर नोव्हेंबर, आणि जानेवारी, म्हणजे सरावपरीक्षांच्या गडबडीत अडकत नाही. गैरहजर मुलगा गैरहजरच दाखवायचा हे करारात लिहून घेतलंय. सपाट आरशाचा प्रश्न ऑगस्टच्या पेपरात पुन्हा घातलाय, ती मुलगी आता आठवीत आहे.