पेटी जरूर घ्या, पुस्तिकेचं शेवटचं पान मात्र बाजूला ठेवा

मी नववीला भूगोल शिकवते. समुद्रप्रवाहांचा धडा आला की फळ्यावर लाल-निळे बाण काढायचे आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे, वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. यंदा शाळेसाठी सागरी प्रवाहांची प्रयोगपेटी मागवली. दोन महिन्यांत वीसेक वेळा तरी ती मांडली, धुतली, पुसून ठेवली. आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. पेटीसोबतच्या पुस्तिकेचं शेवटचं पान म्हणतं, प्रवाह थांबला की पृथ्वी थंड होऊन नवं हिमयुग येईल. समुद्र आणि वितळणाऱ्या हिमनद्या मिळून खरंच जग थंड करू शकतात का, हेही इथे पाहू.

पेटीत दोन-अडीच वीत लांब, ॲक्रिलिकची अरुंद टाकी आहे. सोबत पाणी भरून गोठवायची स्टीलची बंद डबी, बर्फाचा साचा, एका टोकाला बाहेरून लावायची गरम पट्टी, दोन थर्मामीटर, खायचे लाल-निळे रंग आणि ड्रॉपर. मीठ आपलं आपण घालायचं, लिटरला 35 ग्रॅम. समुद्राची सरासरी क्षारता साधारण तेवढीच असते.

पहिल्या प्रयोगात गोठवलेली बंद डबी टाकीच्या एका टोकाला खारट पाण्यात लोंबकळत ठेवायची आणि तिच्याशेजारी निळ्या रंगाचा थेंब सोडायचा. थेंब डबीलगत दोऱ्यासारखा खाली उतरला, तळाला टेकला आणि दुसऱ्या टोकाकडे सरपटत निघाला. शेवटच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली. उत्तर अटलांटिकमध्ये हेच घडतं. दक्षिणेकडून आलेलं खारट, कोमट पाणी आपली उष्णता हवेला देतं, गार आणि जड होतं, बुडतं आणि खोलवरून परत दक्षिणेकडे जातं. 26.5 अंश उत्तर अक्षवृत्तावर अटलांटिकच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत बसवलेली उपकरणं 2004 पासून हे अभिसरण मोजताहेत. सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी!

खरी मजा दुसऱ्या प्रयोगात आहे. बंद डबी काढायची आणि त्या जागी निळा रंग घालून गोठवलेले उघडे बर्फाचे खडे सोडायचे. मी मुलांना आधी विचारलं, आता काय होईल? बहुतेकांचं म्हणणं, बर्फ थेट पाण्यात आहे, म्हणजे गारवा जास्त, म्हणजे पाणी आणखी जोरात बुडणार. बर्फ वितळू लागला आणि निळा रंग खाली गेलाच नाही. बोटभर जाडीचा थर होऊन झाकणासारखा वरच पसरून राहिला. वितळलेलं पाणी गार खरं, पण गोडं. खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकंच. शेजारी साध्या पाण्याच्या ग्लासात तेवढाच खडा टाकून बघा, तो आधी विरघळून जातो. खारट पाण्यातला खडा स्वतःच्याच गार गोड्या पाण्यात अडकून मागे राहतो. या एका प्रयोगासाठी पेटी घ्यावी.

कारण हिमनद्यांचा मुद्दा इथेच उलगडतो. हार्टमुट हाइनरिख या जर्मन भूशास्त्रज्ञाने 1988 मध्ये अटलांटिकच्या गाळातल्या खडीच्या थरांवर लिहिलं. ती खडी हिमनगांनी वाहून आणून समुद्रात टाकलेली होती. उत्तर अमेरिकेवरच्या हिमस्तरातून बर्फाचे लोंढेच्या लोंढे सुटत होते आणि वितळून समुद्रावर गोड्या पाण्याचं झाकण घालत होते. सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा ‘यंगर ड्रायस’ हा थंडीचा काळही असाच. वितळपाण्याने अटलांटिकचं अभिसरण मंदावलं आणि ग्रीनलंड, युरोप पुन्हा गारठले, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे समुद्र आणि हिमनद्या मिळून जगाचा मोठा भाग थंड करू शकतात का, हा प्रश्न मुळीच भाबडा नाही.

आता माझी तक्रार. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापलंय की प्रवाह थांबला की पृथ्वी थंड होईल आणि नवं हिमयुग सुरू होईल. हे चूक आहे, आणि पेटीतलेच दोन थर्मामीटर ते दाखवून देतात. आम्ही एक गार टोकाला ठेवला, एक गरम पट्टीच्या टोकाला, दोन्ही पाण्याच्या वरच्या थरात. गोड्या पाण्याचं झाकण बसल्यावर अर्ध्या तासात गार टोक आणखी गार झालं आणि गरम टोक दीड अंशाने चढलं. अभिसरण उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेतं. ते अडलं तर उष्णता मागेच साठते, नाहीशी होत नाही. यंगर ड्रायसमध्ये ग्रीनलंड गारठत असताना अंटार्क्टिका तापत होतं, हे दोन्हीकडच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या गाभ्यांतून दिसतं. वॉलेस ब्रोकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने याला सीसॉची उपमा दिली होती.

पूर्ण हिमयुगाला आणखी बरंच काही लागतं. सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलानकोविच यांनी मांडलेल्या, पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांच्या गणिताप्रमाणे उत्तरेकडचे उन्हाळे हजारो वर्षं सौम्य राहावे लागतात, म्हणजे हिवाळ्यातला बर्फ टिकतो. शिवाय मागच्या हिमयुगाच्या ऐन भरात हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत 190 च्या आसपास होता, आज तो 420 च्या वर आहे.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेच्या बाजूने सांगायला हवी. बर्फ वितळताना उष्णता खरोखरच खातो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला लागते तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणून भरपूर वितळपाणी समुद्रात ओतलं तर काही संगणकी प्रारूपांमध्ये पृष्ठभागाचं सरासरी तापमान काही काळ खाली खेचलं जातं. पण गारठलेला पृष्ठभाग अवकाशात उष्णताही कमी सोडतो. मग पृथ्वीवर एकूण उष्णता उलट जास्तच साठते, आणि ती समुद्रात खोल मुरते. हे वाक्य पुस्तिकेत असतं तर मी ती डोक्यावर घेऊन नाचले असते.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या अभिसरणाला गल्फ स्ट्रीम म्हटलंय. गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा उबदार प्रवाह, मुख्यतः वाऱ्याने ढकलली जाते. वारे आहेत आणि पृथ्वी फिरतेय तोवर ती पूर्ण थांबणार नाही.

खरा धोका काय, ते मी वर्गात वेगळं सांगते. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, 2021 च्या अहवालानुसार या शतकात अटलांटिकचं अभिसरण कमजोर होणं अगदी संभवनीय आहे. 2100 च्या आत ते अचानक कोसळणार नाही, असंही तो अहवाल म्हणतो, पण मध्यम खात्रीने. त्यानंतरच्या काही अभ्यासांनी या खात्रीवर प्रश्न उभे केलेत. कोसळलंच तर वायव्य युरोपात कडाक्याचे हिवाळे येतील, उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल, मोसमी पाऊस बिघडेल. तापलेल्या जगातच हे सगळं होईल, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

वस्तू म्हणून सांगायचं तर टाकीचा एक कोपरा तिसऱ्या आठवड्यात पाझरायला लागला, थर्मामीटरवरचे आकडे पुसट झाले आणि गरम पट्टी तापायला वीस मिनिटं घेते. तास पस्तीस मिनिटांचा असेल तर ती आधीच लावून ठेवा. निळा रंग बोटांवरून दोन दिवस जात नाही. पाझरणाऱ्या कोपऱ्याबद्दल कंपनीला कळवल्यावर रबराची नवी पट्टी आठवड्यात आली. शेवटच्या पानाबद्दल दोनदा सविस्तर लिहिलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर आमच्या पुस्तिकेत त्या पानावर कोरा कागद चिकटवलाय. त्यावर मुलांनी दोन्ही थर्मामीटरच्या नोंदी दर पाच मिनिटांनी लिहिल्यात, गार टोकाच्या निळ्या शाईने आणि गरम टोकाच्या लाल.