सोडतीत नाव घालतो म्हणून पैसे घेतले, आणि आईवर ५ वर्षांची बंदी आली

आई-वडिलांना कॅनडात कायमचं आणायच्या सोडतीत नाव घालून देतो, असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर आधी हे वाचा. आई-वडील आणि आजी-आजोबांना स्पॉन्सर करण्याची इच्छा नोंदवायचा फॉर्म १३ ऑक्टोबर २०२० ला उघडला आणि ३ नोव्हेंबर २०२० ला बंद झाला. तेव्हा तो भरायला पैसे पडत नव्हते. त्यानंतर २०२५ पर्यंतच्या प्रत्येक फेरीतली, म्हणजे सोडतीतली, अर्ज करायची निमंत्रणं त्या जुन्या यादीतल्याच लोकांना गेली. मी पीआर, म्हणजे कॅनडाची कायमची रहिवासी, झाले ती त्यानंतर. म्हणजे माझं नाव त्या यादीत असणं शक्यच नव्हतं. तरी एका माणसाने आम्हाला ‘नोंदणी’ विकली, रजिस्ट्रेशन नंबर छापलेला कागद दिला आणि दोन हप्त्यांत साडेतीन हजार डॉलर घेतले.

बाबा गेल्यानंतर आई एकटी पडली होती. ओळखीतल्या एका कुटुंबाने या कन्सल्टंटचं नाव सुचवलं. टोरोंटोजवळच्या एका प्लाझात ऑफिस, भिंतीवर लायसन्सची फ्रेम, बोलणं शुद्ध मराठीत. व्हिडिओ कॉलवर आईला ‘मावशी’ म्हणायचा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का विचारायचा. आई त्याच्याशी माझ्यापेक्षा मोकळेपणाने बोलायची. त्याने या जिव्हाळ्याचा असा वापर केला याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

त्याचं म्हणणं असं, की सुपर व्हिसा, म्हणजे आई-वडिलांना लांब मुक्कामाला येता येतं तो व्हिसा, तर टाकूच, पण तो तात्पुरता. सोबत सोडतीतही नाव लावून ठेवू. लोकांना हे खरं वाटतं, याला कारण आहे. २०१९ मध्ये हा फॉर्म ‘जो आधी भरेल त्याला’ अशा पद्धतीने उघडला आणि काही मिनिटांत बंद झाला. ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याचंच काम होतं, अशी समजूत तेव्हापासून घट्ट झाली, आणि तिच्यावर असे लोक आजही पैसे काढतात. खरं तर निमंत्रण येतं ते फॉर्म भरणाऱ्या मुला-मुलीच्या ईमेलवर, थेट इमिग्रेशन खात्याकडून. मधल्या कुणाच्या हातात ‘कोटा’ नसतो.

सुपर व्हिसा मात्र खरा आहे आणि चांगलाही आहे. २०११ च्या डिसेंबरमध्ये तो सुरू झाला, आणि जुलै २०२२ पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं किंवा मुलीचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागतं, निमंत्रणपत्र लागतं, वैद्यकीय तपासणी लागते आणि किमान १ वर्षाचा, किमान १ लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो. विम्याचे पैसे भरल्याचा पुरावा द्यावा लागतो, नुसतं कोटेशन चालत नाही. आमच्याकडून प्रीमियमचे पैसे वेगळे घेतले होते, तेही एका खासगी बँक खात्यावर इंटरॅकने, म्हणजे ऑनलाइन ट्रान्सफरने. पुढे मी विमा कंपनीला फोन करून पॉलिसी नंबर सांगितला, तेव्हा कळलं की अशी पॉलिसी कधी काढलीच नव्हती. अर्जाला जोडलं होतं ते कोटेशन. विमा एजंटमार्फत काढलात तरी पॉलिसी हातात आल्याबरोबर कंपनीला स्वतः फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण आईचं खरं नुकसान झालं ते वेगळ्याच ठिकाणी. काही वर्षांपूर्वी तिच्या व्हिजिटर व्हिसाला नकार आला होता, आणि हे आम्ही त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, नकाराच्या पत्रासकट. अर्जात सरळ प्रश्न असतो: तुम्हाला कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्या देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का? त्याने उत्तर टाकलं ‘नाही’. आईने तो अर्ज कधी पाहिलाच नाही. ऑनलाइन खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. ‘फाइल सबमिट झाली’ एवढाच निरोप आम्हाला मिळाला. मागितली तेव्हा प्रत दिली नाही, ‘सिस्टीममध्ये आहे, प्रिंट निघत नाही’ म्हणाला.

मग इमिग्रेशन खात्याने विचारणा करणारं पत्र पाठवलं: माहिती दडवल्याचं दिसतंय, तुमचं म्हणणं मांडा. ते गेलं त्याच्या ईमेलवर. त्याने उत्तर दिलं नाही आणि आम्हाला सांगितलंही नाही. मुदत संपली आणि निर्णय लागला. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडात येण्यावर ५ वर्षांची बंदी. अर्ज कुणी भरला हे तिथे फारसं विचारात घेतलं जात नाही. अर्जदार म्हणून नाव आईचं, म्हणून जबाबदारीही आईची. आयुष्यात कुणाचा एक पैसा न बुडवलेल्या बाईच्या नावापुढे सरकारी नोंदीत ‘खोटी माहिती’ असं लिहिलं गेलंय.

इकडे तो महिनोन्महिने ‘प्रोसेसिंग चालू आहे’ असंच सांगत राहिला. शेवटी ओळखीतल्या एका वकिलीणबाईंनी सुचवलं म्हणून आईचं संमतीपत्र जोडून मी कॅनडाच्या माहितीच्या अधिकारात तिची फाइल मागवली. त्याची फी ५ डॉलर आहे. अधिकाऱ्याच्या टिपणांसकट सगळं आलं: खोटं उत्तर, कोटेशन, न दिलेलं उत्तर. परदेशातल्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून ६० दिवस असतात. निर्णय त्याच्या ईमेलवर केव्हाच पोचला होता, त्यामुळे आता उशीर का झाला हे पटवण्यापासून सुरुवात करावी लागणार आहे.

फाइलमध्ये त्याचं नाव कुठेच नव्हतं. पैसे घेऊन काम करणाऱ्या प्रतिनिधीचं नाव आणि अर्जदाराची सही असलेला एक वेगळा फॉर्म भरावा लागतो, आयएमएम ५४७६. तो त्याने लावलाच नाही. कागदोपत्री आईने सगळं स्वतः केलेलं! भिंतीवरचं लायसन्स खरं होतं, पण दुसऱ्याच माणसाचं. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचं काम करण्याचा अधिकार वकिलांना, क्यूबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या लायसन्सधारकांना आहे. हे कॉलेज म्हणजे कन्सल्टंट्सना लायसन्स देणारी संस्था, आणि तिची यादी ऑनलाइन कुणालाही पाहता येते. नाव यादीत सापडलं एवढ्यावर थांबू नका. यादीत जो फोन आणि ईमेल दिला आहे त्यावर संपर्क करा आणि विचारा, अमुक ठिकाणी बसणारे ते तुम्हीच का? आम्ही तसा फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांना धक्काच बसला. त्यांचा लायसन्स नंबर भलताच माणूस वापरत होता.

आता कॉलेजकडे, सीमा सेवा खात्याकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रारी गेल्या आहेत. त्या लायसन्सवाल्या गृहस्थांनीही स्वतःची तक्रार दिली आहे. पैसे परत येतील असं कुणी सांगितलेलं नाही. आईची केस वकिलीणबाई बघत आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या आई-वडिलांचा अर्ज असा दुसऱ्याच्या ईमेलवरून गेला असेल, तर आजच त्याच्याकडे भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत आणि त्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड मागा. टाळाटाळ झाली तर वाट न पाहता फाइल मागवा. विचारणेचं पत्र येऊन पडलं असेल आणि मुदत उरली असेल, तर अजूनही उत्तर देता येतं. आम्हाला ती संधी मिळाली नाही.