भाड्याची कॅम्परव्हॅन, दोघं जण, चार रात्री: पाचपैकी साडेतीन

पहिल्या रात्री अडीच वाजता नवऱ्याचा गुडघा माझ्या बरगड्यांवर आला. भांडण वगैरे नव्हतं. त्याला बाथरूमला जायचं होतं आणि आमच्या व्हॅनमधला पलंग आडवा होता, म्हणजे गाडीच्या रुंदीत. मागच्या दारांना लागून तो, अलीकडे मी. पलीकडच्याला उतरायचं तर अलीकडच्याला ओलांडण्यावाचून रस्ता नाही. बुकिंग करण्याआधी मी फ्रिज किती लिटरचा, शेगडीला बर्नर किती, टाकी केवढी, हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं होतं. पलंगाच्या रकान्यात नुसतं ‘डबल’ लिहून मोकळी झाले होते.

म्हणून हा रिव्ह्यू पलंगापासून सुरू करते.

गाडी सहा मीटर लांबीच्या वर्गातली होती. मालवाहू व्हॅनचं उंच छप्पर ठेवून आत घर बसवलेलं. या लांबीत पलंग आडवा टाकला की स्वयंपाकाचा ओटा, छोटं बाथरूम आणि टेबल अशा तिन्ही गोष्टी मावतात. पलंग गाडीच्या लांबीत हवा असेल तर बहुतेक वेळा आणखी फूटभर लांब गाडी घ्यावी लागते. मी टेपने मोजलं: १८८ बाय १३२ सेंटिमीटर, आणि पायाकडचा एक कोपरा कपाटासाठी तिरका कापलेला. नवरा सहा फूट, म्हणजे १८३. कागदावर पाच सेंटिमीटर शिल्लक राहतात. प्रत्यक्षात उशी डोक्याला खाली ढकलते, पाय भिंतीला टेकतात आणि माणूस आपोआप तिरका होतो. तो तिरका झाला की माझ्या वाट्याला तो कापलेला कोपरा.

दुसऱ्या रात्री आम्ही जागा बदलल्या. वैताग तेवढाच राहिला, फक्त आता गुडघा माझा होता.

गादी मात्र चांगली होती, हे कबूल करायला हवं. खाली लाकडी पट्ट्या, त्यामुळे गादीला खालून हवा लागत होती आणि ओल धरली नाही. दिवसा पलंग तसाच राहायचा, ही केवढी मोठी चैन आहे ते मला कॅम्पसाइटवर शेजारच्या जागेवर थांबलेल्या जोडप्याकडे बघून कळलं. त्यांची छत उघडणारी लहान गाडी, उंची दोन मीटरच्या आत, कुठेही शिरणारी. मला आधी तीच हवी होती. पण रोज रात्री बाकडं ओढून, गाद्यांचे तुकडे जुळवून, सामान पुढच्या सीटवर फेकून पलंग तयार करायचा आणि सकाळी ते सगळं उलटं. पाऊस पडत असेल तर हा सोहळा दोघांनी आतच, एकमेकांच्या पायांवर पाय देत उरकायचा. आम्ही उंच छपराची घेतली ते बरं केलं. पलंगासाठी एक तारा कापते, गादीसाठी अर्धा परत देते.

आता कंपनीबद्दल. गाडी ताब्यात देताना ज्या मुलाने सगळं दाखवलं, त्याला पाच तारे. हातात कापड, खिशात टॉर्च, आणि प्रत्येक गोष्ट स्वतः न करता आमच्याकडून करून घेत होता. सिलिंडरची चावी तूच बंद कर, टॉयलेटची पेटी तूच ओढून काढ. वैताग यायचा, पण चौथ्या दिवशी तेच हातांना आठवत होतं. त्याला वेळ मात्र फक्त पंचवीस मिनिटांचा दिलेला. मागे दुसरं जोडपं बॅगा घेऊन उभं. हा दोष त्याचा नाही, कंपनीचा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तासभर तरी द्यायला हवा. आमच्या घाईत एक गोष्ट सुटली आणि ती तिसऱ्या रात्री अंगावर आली.

तो वीजप्रकार सविस्तर सांगते, कारण मी हिशेबाचं काम करते आणि इथे माझाच हिशेब चुकला. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात: एक इंजिन सुरू करायची, दुसरी घरातल्या दिव्यांची, पंपाची, फ्रिजची. आमची घरची बॅटरी ९५ अँपिअर-तासांची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), एजीएम म्हणजे शिशाच्या सीलबंद प्रकारची. ही निम्म्याच्या फार खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात खरे सत्तेचाळीसच. लिथियमची असती तर ऐंशी-नव्वद टक्के वापरता आली असती. कॉम्प्रेसरवाला लहान फ्रिज दिवसाला वीस ते तीस खातो. डिझेलवर चालणाऱ्या हीटरचा पंखा रात्रभर चालला तर आणखी दहा-पंधरा. वर पाण्याचा पंप, दिवे, दोन फोन. म्हणजे बाहेरच्या विजेची वायर न जोडता एक रात्र निघते, दोन निघत नाहीत. छतावर सोलर नव्हतं. म्हणून मी तीन रात्री विजेची सोय असलेल्या आणि एकच रात्र बिनविजेच्या जागेवर ठेवली होती. हिशेब अगदी चोख!

फक्त दुसऱ्या रात्री आम्ही वायर जागेवरच्या विजेच्या खांबाला लावली आणि वीज आली असं धरून चाललो. त्या खांबावरचा आमच्या जागेचा खटका पडलेला होता, म्हणजे वीज येतच नव्हती. दिवे लागत होते, फ्रिज गार होता, शंका येणार कशी? सगळं बॅटरीवर चाललं होतं. तिसऱ्या दिवशी गाडी जेमतेम चाळीस मिनिटं चालवली, तेवढ्यात इंजिनने भरून भरून किती भरणार? रात्री बिनविजेची जागा. सकाळी पॅनलवर ११.८ व्होल्ट, फ्रिज बंद, हीटर बंद आणि नवरा टोपी घालून झोपलेला. भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.७ दिसायला हवेत. वायर जोडली की पॅनलवर प्लगचं चिन्ह उमटतं, ते बघायचं असतं, आणि हीच ती पंचवीस मिनिटांत न सांगितलेली गोष्ट. बघायची अक्कल आम्हालाही हवी होती, म्हणून याचे गुण मी कापत नाही. अजून एक: विजेची वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळीतच जास्त भार टाकला तर ती तापते.

गॅसबद्दल तक्रार शून्य. सिलिंडर प्रोपेनचा होता. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायलाच नकार देतो, प्रोपेनचं उणे बेचाळीसपर्यंत अडत नाही, त्यामुळे थंडीतल्या सकाळी चहा अडला नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता आणि त्याचं बटण दाबून दाखवलं गेलं. गाडीच्या तळाला एक जाळी आहे, तिच्यातून पायाला गार वारा लागतो. नवऱ्याने पहिल्याच संध्याकाळी तिच्यावर पायपुसणं सरकवलं.

“अरे, ते उचल. त्याने काय सांगितलं होतं?”

“गार लागतंय गं.”

“मोजे घाल.”

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. कुठे गळला तर तो खालीच साचणार आणि त्या जाळीतूनच बाहेर जाणार. मोजे घातले गेले.

सकाळी काचांवर आतून इतकं पाणी साचायचं की वाटावं रात्री कुणी आंघोळ केली. दोन माणसांचा श्वास हे एक कारण, शेगडी हे दुसरं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, हे मला घरी आल्यावर कळलं. आधी माहीत असतं तर पहिल्या रात्री बंद गाडीत पातेलं उकळत ठेवलं नसतं. छतावरची झडप दोन बोटं उघडी ठेवून झोपलो की फरक पडला. कंपनीने काच पुसायला एक रबरी पट्टी दिली होती. वस्तू किरकोळ, पण ज्याने ती यादीत घातली त्याने स्वतः व्हॅनमध्ये रात्र काढलेली आहे.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. भरली की गाडीत शंभर किलोचं तिसरं माणूस बसलं म्हणून समजा. एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो होती आणि रिकामी गाडीच त्याच्या बरीच जवळ जाते, त्यामुळे प्रवासात वीस-तीस लिटर ठेवून मुक्कामी भरणं शहाणपणाचं. आम्ही ते दुसऱ्या दिवसापासून केलं. चढावर गाडी वेगळीच वाटली.

टॉयलेटबद्दल लोक थेट विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. बाहेरच्या बाजूने एक पेटी निघते, तिला चाकं आणि दांडा असतो, ती ठरलेल्या जागी जाऊन रिकामी करायची. दोघांना सुमारे दोन दिवस पुरते. औषध टाकलं असेल तर वास येत नाही. पण ती पेटी ओढत ओळखीच्या शेजाऱ्यांसमोरून शुभ सकाळ म्हणत जाणं याला थोडी निर्लज्जता लागते, आणि ती आमच्यात नवऱ्याकडे जास्त आहे. त्या बदल्यात सांडपाण्याची टाकी माझ्याकडे. हा करार घरून निघण्याआधी करून ठेवा.

चालवणं माझ्याकडे होतं. उंची २.६५ मीटर, हे मी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलं, कारण दोन मीटरचा अडथळा असलेल्या पार्किंगपुढे पोहोचल्यावर मागे हटणं किती लाजिरवाणं असतं ते पहिल्याच दुपारी समजलं. मागे रांग लागली होती. नवरा उतरला आणि गाडीच्या मागे जाऊन “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे” सुरू झालं. खिडक्या बंद, मला काही ऐकू येत नव्हतं आणि आरशात तो दिसतही नव्हता. त्या संध्याकाळी नियम केला: आरशात मला तुझा चेहरा दिसत नसेल तर मी थांबणार, आणि बोलायचं नाही, हात. दोन्ही हात वर म्हणजे थांब. हा नियम त्या एक्सेलमधल्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त कामाला आला.

अंतरांचं नियोजन माझं साफ फसलं. नकाशा साडेतीन तास म्हणायचा, आम्हाला पाच लागायचे. गाडी जड, वळणं हळू, आणि निघण्याआधी दर वेळी झडप लावा, गॅस बंद करा, कपाटांच्या कड्या अडकवा, वायर काढा. एकदा कडी राहिली आणि पहिल्या वळणावर सगळे कप एकदम खाली. (प्लास्टिकचे होते. कंपनीला पुन्हा एक गुण.) दुसऱ्या दिवशीचा तिसरा थांबा आम्ही रद्द केला, मग चौथ्या दिवशीचाही. शिवाय गाडी दुपारी दोनला मिळते आणि सकाळी दहाला परत द्यायची असते, त्यामुळे चार रात्रींच्या भाड्यात पूर्ण दिवस तीनच मिळतात. हे त्यांच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं आहे. मीच वाचताना रात्री मोजल्या, दिवस मोजले नाहीत.

पैशांच्या बाजूने एकच सूचना. अनामत रक्कम कार्डावर अडकून राहते, ती चालेल. पण विम्याच्या कागदात छत, टायर आणि गाडीचं पोट वगळलेलं असू शकतं, आमच्यात होतं, आणि उंच गाडी नव्याने चालवणाऱ्याचा धोका नेमका छतालाच. मी ताबा घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, छताचाही, शिडीवर चढून. त्या मुलाने शिडी धरली. परत देताना तपासणाऱ्याने मागच्या बंपरवर एक ओरखडा दाखवला. मी व्हिडिओ दाखवला, त्याने मान डोलावली, विषय संपला. अनामत पूर्ण परत आली. पण हीच गाडी देताना त्यांनी त्यांच्या फॉर्मवर तो ओरखडा का नोंदवला नव्हता? यासाठी अर्धा तारा कापते. घाईच्या ताब्यासाठी अजून अर्धा. पलंगाचा हिशेब वर झालाच आहे.

उभी करताना जमीन सपाट नसेल तर चाकाखाली घालायचे प्लास्टिकचे दोन रॅम्प गाडीत होते. टेबलावर पेल्यात पाणी ठेवून बघायचं आणि डोक्याची बाजू वर राहील अशी गाडी चढवायची. आमच्या आडव्या पलंगात नवऱ्याचं डोकं डावीकडे, माझं उजवीकडे, कारण त्या कापलेल्या कोपऱ्यात पाय फक्त माझे मावायचे. त्यामुळे उतार असेल तिथे एकाचं डोकं खाली जाणारच. शेवटच्या रात्री आम्ही त्यासाठी नाणं उडवलं. मी हरले.

याच कंपनीकडे लांबीत दोन वेगळे पलंग आणि मधून वाट असलेली गाडी आहे, ६.३६ मीटरची. परत देतानाच तिच्यात दोघं आडवे होऊन बघितलं, बूट काढून, दहा मिनिटं, आणि दोघांनी आळीपाळीने उठून बाथरूमपर्यंत जाऊन बघितलं. कुणाचा गुडघा कुणाला लागला नाही. नवरा म्हणाला, “ही मागे घेताना तुला जास्त त्रास होईल.” मी म्हटलं, “तू फक्त आरशात दिसत राहा.”