घोडबंदर रोडवर पांढऱ्या पट्ट्यांचे टायर

कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात जुळवलेल्या वडिलांच्या १९५३ सालच्या प्लिमथ गाडीसाठी मी गेल्या वर्षी अमेरिकेतून ६.७०-१५ मापाचे, जुन्या धर्तीवर नव्याने घडवलेले पाच व्हाइटवॉल, म्हणजे बाजूवर पांढरा पट्टा असलेले टायर मागवले. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर त्यांच्याविषयी लिहिणे रास्त वाटते.

पट्टा किती रुंद घ्यायचा, हे गाडीचे साल ठरवते. पन्नाशीच्या दशकातील गाड्यांना अडीच-पावणेतीन इंचांचा पट्टा शोभतो. १९६२ च्या सुमारास तो जेमतेम इंचभर उरला. घेताना टायरच्या बाजूवरील कोडाचे शेवटचे चार अंक वाचावेत: ३८२३ म्हणजे २०२३ चा अडतिसावा आठवडा. टायर न वापरताही रबर म्हातारे होतेच.

मी हट्टाने बायस-प्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदत बसवलेले, जुन्या पद्धतीचे), म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत नायलॉनचे टायर घेतले, कारण गाडीचे मूळ रूप त्यांवरच खुलते. त्याची किंमत मात्र घोडबंदर रोडवर मोजावी लागते: अवजड ट्रकांनी पाडलेल्या चरांमागे गाडी ओढली जाते, स्टिअरिंग सतत सावरावे लागते, आणि आठवडाभर उभी राहिली की टायर एका जागी चपटे बसून पहिले दोनेक किलोमीटर थडथडतात. रोज गाडी काढणाऱ्याने रेडियल, म्हणजे आजच्या गाड्यांना असतात तशा आडव्या धाग्यांचे व्हाइटवॉलच घ्यावेत.

पांढरे रबर प्रवासात मळू नये म्हणून पट्ट्यावर निळा लेप असतो. तो टायर बसवल्याबरोबर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने धुवावा, कारण उन्हात सुकून घट्ट झाला की निघता निघत नाही. वागळे इस्टेटमधील टायरवाला पेट्रोलचे फडके घेऊन पुढे आला, तेव्हा मी त्याचा हात धरला. गाडी धुणाऱ्याचा हात धरायचे मात्र राहून गेले! त्याने प्रेमाने चारही चाकांना चकाकीचे पॉलिश फासले आणि महिन्याभरात पट्टे चहा सांडल्यासारखे दिसू लागले. काळ्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायने असतात. ती पृष्ठभागाकडे सरकतात आणि पांढऱ्या रबरात उतरली की तपकिरी डाग पडतात. तेलकट पॉलिश त्यांना वाटच करून देते. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक घासणीने, अगदी हलक्या हाताने, बरेचसे निघाले. जोर लावला असता, तर पांढरा थरच झिजला असता.

पुढच्या डाव्या चाकावर अजून थोडी छटा उरली आहे, म्हणून गाडी ती बाजू सोसायटीच्या भिंतीकडे करून लावतो.