जड केंद्रकाची त्रिज्या मोजायची: म्युऑन, इलेक्ट्रॉन की लेझर?

जड केंद्रकांवर पीएचडी करायची असं ठरलं, की पुढचा प्रश्न पद्धतीचा. म्युऑनी अणूंचे (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊबंद म्युऑन फिरतो अशा अणूंचे) क्ष-किरण, इलेक्ट्रॉन स्कॅटरिंग (केंद्रकावर इलेक्ट्रॉन सोडून ते कसे विखुरतात ते पाहणं) आणि लेझर स्पेक्ट्रोस्कोपी (अणूच्या वर्णरेषा लेझरनं मोजणं), असे तीन मुख्य मार्ग आहेत. माझा कौल आधीच सांगते: समस्थानिक स्थिर किंवा दीर्घायुषी असेल आणि त्रिज्येचा थेट आकडा हवा असेल, तर म्युऑनच घ्या.

म्युऑन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 207 पट जड, म्हणून त्याच्या कक्षाही तितक्याच आत सरकतात. केंद्रक बिंदुवत धरलं तर शिशात सर्वांत आतली कक्षा जेमतेम 3 फेम्टोमीटरची (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोटीवा भाग) येते, आणि शिशाचं केंद्रकच सुमारे 7 फेम्टोमीटर त्रिज्येचं. म्हणजे म्युऑनचा बराच वेळ केंद्रकाच्या पोटातच जातो. परिणामी 1s या सर्वांत आतल्या पातळीची बंधनऊर्जा बिंदुवत हिशेबाच्या जवळपास निम्मीच भरते. इतका ठसठशीत परिणाम बाकी कुठल्या मार्गात दिसत नाही. 2p या त्यावरच्या पातळीवरून 1s वर उतरताना निघणारा क्ष-किरण सुमारे 6 एमईव्हीचा (60 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा) असतो. कोलंबिया विद्यापीठात फिच आणि रेनवॉटर यांनी 1953 साली असे किरण मोजले, तेव्हा केंद्रकं समजुतीपेक्षा लहान निघाली. आज शिसे-208 ची वीजभार-त्रिज्या (वीजभाराच्या पसाऱ्याची सरासरी, म्हणून वरच्या कडेपर्यंतच्या 7 पेक्षा लहान) 5.50 फेम्टोमीटर म्हणून सांगता येते, तीही हजारात एका भागाहून कमी अनिश्चिततेनं.

इलेक्ट्रॉन स्कॅटरिंगची ताकद वेगळी आहे. वीजभार आत कसा पसरलाय, त्याचा आलेख त्यातून मिळतो. म्युऑन त्या आलेखाची एखाददुसरी सरासरीच देतो. पण टार्गेट भरपूर लागतं.

लेझरचा प्रांत अल्पायुषी समस्थानिकांचा. सर्नच्या आयसोल्डे या किरणोत्सारी समस्थानिकांच्या केंद्रावर काही मिलिसेकंद टिकणाऱ्या केंद्रकांवरही काम होतं. मात्र लेझर देतो तो दोन समस्थानिकांमधला फरक. त्या फरकाचं त्रिज्येत रूपांतर करायला पक्के संदर्भबिंदू लागतात, आणि ते बहुतेक वेळा म्युऑनकडूनच येतात. रेडियमचा एकही समस्थानिक स्थिर नाही, त्यामुळे तिथे असा आधारच नव्हता आणि सगळी भिस्त अणूंच्या सैद्धान्तिक गणितावर.

याच कोंडीवर स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतल्या म्यूएक्स प्रयोगानं काढलेली वाट मला फार आवडते. रेडियम-226 किंवा क्युरियम-248 किरणोत्सारी, त्यामुळे वापराची मुभा मायक्रोग्रॅममध्येच. एवढ्याशा थरात म्युऑन थेट थांबवणं अशक्य. म्हणून तो आधी 100 बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये थांबवतात. त्यात चिमूटभर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतं; त्याचं केंद्रक म्हणजे ड्युटेरॉन. म्युऑन प्रोटॉनकडून ड्युटेरॉनकडे उडी मारतो, आणि तयार झालेल्या त्या छोट्या अणूला काही इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेला हायड्रोजन वायू जवळजवळ पारदर्शक होतो. तो अणू भिंतीवरच्या थरापर्यंत पोचतो आणि म्युऑन जड केंद्रकाच्या हवाली करतो.

केंद्रक लांबट असेल तर म्युऑनचा आणखी एक फायदा. वरच्या कक्षांमधल्या रेषांच्या बारीक फाटण्यातून चतुर्ध्रुव आघूर्ण, म्हणजे केंद्रक गोलाकारापासून किती ढळलंय त्याचं माप, मिळतं. रेनियमच्या बाबतीत म्यूएक्स गटानं 5g ते 4f या वरच्या पातळ्यांमधलं संक्रमण वापरलं, कारण तिथे म्युऑन बहुतांशी केंद्रकाबाहेरच असतो आणि आकाराबद्दलच्या गृहीतकांची लुडबुड कमी होते.

उणीव सिद्धान्तात आहे. म्युऑन केंद्रकाला किंचित ढवळतो, आणि ही दुरुस्ती शिशात काही केईव्हींची (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पटीत) भरते. डिटेक्टर त्याहून कितीतरी नेमकं मोजतो, म्हणजे शेवटची अनिश्चितता गणिताचीच. गणिताची आवड नसेल तर हा मार्ग जड जाईल. आणि न्यूट्रॉनचं वितरण हवं असेल तर तिन्ही मार्ग थेट उपयोगाचे नाहीत. त्यासाठी अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या प्रेक्स प्रयोगासारखी, दुर्बल बलावर आधारलेली मोजमापं पाहा.

मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत ‘इंगा’ या गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टर-संचावर जर्मेनियम डिटेक्टर हाताळलेले असतील, तर निम्मी तयारी झालीच आहे; इथेही तेच डिटेक्टर लागतात. नव्यानं शिकायचं ते टायमिंग. क्ष-किरण म्युऑन अडकताक्षणी निघतात, पण शिशाचं केंद्रक त्याला गिळतं ते साधारण 75 नॅनोसेकंदांत. त्यानंतरच्या गॅमा किरणांचा पसारा वेळेच्या चाळणीनं बाजूला काढता आला, तरच वर्णपट वाचता येतो.