चौकट, सहा कामांची यादी की वेळेचे कप्पे? रोजच्या कामांचा क्रम लावण्याच्या तीन पद्धती

नोव्हेंबरातला एखादा सोमवार धरा. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात सकाळी काय काय असतं? लाइट बिलाची शेवटची तारीख उद्या. आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, मुदत महिनाअखेर. दळण संपत आलंय. ऑफिसचा तिमाही अहवाल गुरुवारपर्यंत. मुलीचा शाळेचा प्रकल्प शुक्रवारी. मेडिक्लेमचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. शुगर तपासून चार महिने झाले. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगबद्दल विचारलंय, उत्तर राहिलंय. आणि बँकेच्या खात्याला नॉमिनीचं नाव लावायचं कधीपासून लांबणीवर पडलंय.

ही नऊ कामं तीन पद्धतींतून काढून बघू. कोणती पद्धत कुणाला जमेल, ते यादी समोर असली की पटकन कळतं.

चौकट

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली इव्हॅन्स्टनला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या भाषणात तातडीची कामं आणि महत्त्वाची कामं यांतला फरक सांगितला. तो विचारही आपण एका माजी कॉलेज-प्रमुखाकडून घेतल्याचं ते म्हणाले. चार घरांची चौकट पुढे इतरांनी आखली आणि नाव आयझेनहॉवर यांचं चिकटलं. कागदावर दोन रेघा मारायच्या की चार घरं होतात: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, तातडीचं पण फारसं महत्त्व नसलेलं, आणि दोन्ही नसलेलं.

आपल्या यादीतलं बिल आणि अहवाल पहिल्या घरात जातात. दाखला, शुगर, मेडिक्लेम, नॉमिनी ही चारही दुसऱ्या घरात. या पद्धतीचं मोल इथेच आहे. त्या चार कामांसाठी आज कुणी फोन करणार नाही की दारात येणार नाही, म्हणून ती मागे पडतात. माणसाचा कल मुदत जवळ आलेल्या कामाकडे असतो, मग त्यातून मिळणारा फायदा कमी का असेना, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रयोगांतून दिसलं. हा कल चौकट कागदावर उघडा पाडते. सोसायटीच्या ग्रुपचं उत्तर तिसऱ्या घरात गेलं की ते दुपारीही देता येईल हे आपोआप समजतं.

अडचण पुढे येते. तिसऱ्या घरातलं काम दुसऱ्याकडे सोपवा, असं ही पद्धत सांगते. ऑफिसात हाताखाली माणसं असतील तर ठीक. घरात कुणाकडे सोपवायचं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटं. मोठ्या अधिकाऱ्यांसाठी घडलेली पद्धत बाईने एकटीने वहीत वापरली, तर सोपवण्याचं घर रिकामंच राहतं. घरातल्यांना समोर बसवून चौकट भरली तर मात्र दळण कोण आणणार, बिल कोण भरणार हे त्याच बैठकीत ठरतं. मला ही पद्धत सर्वांत उपयोगी वाटते ती याच वापरात.

एका घरात चार कामं असतील तर त्यांतलं आधी कोणतं, हे चौकट सांगत नाही. कशाला किती वेळ लागेल, हेही नाही. त्यामुळे रोज सकाळी चौकट आखत बसण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, पुरे.

सहा कामांची यादी

आयव्ही ली हे अमेरिकेतल्या जनसंपर्क व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव. त्यांनी १९१८ च्या सुमारास बेथलहेम स्टील या पोलाद कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना ही पद्धत दिली आणि श्वाबनी खूश होऊन २५ हजार डॉलरचा चेक पाठवला, अशी कथा सांगितली जाते. कथेत तिखटमीठ असेल, पण नियम साधे आहेत. रात्री उद्याची सहाच कामं लिहायची, महत्त्वाच्या क्रमाने. सकाळी पहिलं घ्यायचं, ते संपल्यावर दुसरं. उरेल ते उद्याच्या यादीत.

निवड आदल्या रात्री होते, हे यातलं सगळ्यात चांगलं. सकाळी उठल्यावर दिवसाचा क्रम मोबाइलवरचे मेसेज ठरवत नाहीत. झोपही बरी लागायला हरकत नाही. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की घोळणं कमी होतं, असं मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना २०११ च्या प्रयोगांत आढळलं.

आपल्या यादीत नऊ कामं आहेत, म्हणजे तीन गाळावी लागतात. गाळताना चुटपुट लागते, आणि तिथेच क्रम लागतो. पण 'पहिलं संपल्याशिवाय दुसरं नाही' हा नियम घरात टिकत नाही. तीन तासांचा अहवाल पहिल्या क्रमांकावर आणि दोन मिनिटांचं बिल त्याच्यामागे ताटकळत, याला काही अर्थ नाही. पाच मिनिटांच्या आत होणारी कामं सहांत मोजूच नका, ती चहा उकळेपर्यंत उरकतात. दुसरा धोका असा, की सहा जागा रोज तातडीच्या कामांनीच भरतात आणि नॉमिनी वर्षभर सातव्या क्रमांकावर राहतो. एक जागा चौकटीच्या दुसऱ्या घरातल्या कामासाठी राखून ठेवलीत तरच ही पद्धत पूर्ण होते.

दुकानदार, काउंटरवरचा कर्मचारी, लहान मुलांची आई, घरी आजारी माणूस असलेली व्यक्ती, अशा ज्यांच्या दिवसात सतत कुणीतरी येऊन हाक मारतं, त्यांना हीच पद्धत सोसते. हाक आली तरी यादी मोडत नाही, परत येऊन तिथूनच पुढे जाता येतं.

वेळेचे कप्पे

इथे कामाला क्रमांक देण्याऐवजी घड्याळातली जागा दिली जाते: सकाळी साडेनऊ ते अकरा अहवाल, संध्याकाळी सात ते आठ प्रकल्प. एमपीएससीचा अभ्यास करणारे, घरून काम करणारे, लिहिणारे, ज्यांचे तास त्यांच्याच हातात आहेत अशांना याहून चांगलं काही नाही.

बाकीच्यांची गाडी अंदाजावर अडते. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. हयातीचा दाखलाच बघा. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना तो घरबसल्या मोबाइलवरून चेहरा दाखवून देता येतो, म्हणून आपण कप्पा धरतो पंधरा मिनिटांचा. मग दोन ॲप उतरवायची असतात. आधार क्रमांक आईला पाठ असतो, पण पीपीओ क्रमांकाचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, कागद कपाटातल्या कुठल्या पिशवीत आहे ते तिलाही आठवत नाही. चेहरा टिपताना उजेड कमी पडतो, चष्मा काढावा लागतो, पापणी मिटायला सांगितलं की आई दोन्ही डोळे घट्ट मिटून बसते. पाऊण तास जातो, आणि तो लोकलमध्ये बसून करता येत नाही, आई शेजारी लागते. कप्पे आखायचे तर मनात येईल त्याच्या दीडपट वेळ धरा, आणि कागदपत्रांचं काम असेल तर दुप्पट.

एक कप्पा कोसळला की त्यानंतरचे सगळे सरकतात, हे दुसरं दुखणं. पाव्हणे आले, लाइट गेली, साहेबांनी मीटिंग लावली की संध्याकाळपर्यंत अख्खा तक्ता खोटा पडतो. अख्खा दिवस कप्प्यांत बसवायचा हट्ट मला पटत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धतही बरेच जण यांच्यासोबत तोलतात. ती लक्ष टिकवायला चांगली आहे, पण कोणतं काम आधी हे तिच्यातून ठरत नाही. ती या निवडीत धरू नका.

मग घ्यायचं काय?

तुमचा दिवस कुठे अडतो ते आधी बघा. कामं ढीगभर आहेत आणि कशाला हात घालावा तेच कळत नाही, तर चौकट. काय करायचं ते माहीत आहे पण सकाळ इकडेतिकडे निघून जाते, तर रात्रीची यादी. सगळं ठाऊक आहे, सुरुवातही होते, पण दोन तास सलग मिळत नाहीत म्हणून मोठं काम तुंबतं, तर कप्पे.

नोकरी-घर करणाऱ्या बहुतेकांना मी रात्रीची यादी पाया म्हणून सुचवेन. रविवारी घरच्यांसोबत चौकट भरा आणि रोजच्या यादीतली एक जागा तिच्या दुसऱ्या घरातून उचला. कप्पा दिवसाला एकच ठेवा, शक्यतो सकाळचा, सगळ्यात अवघड कामासाठी. आणि जी कामं दर महिन्याला, दर आठवड्याला येतातच, ती यादीतून कायमची काढा: लाइट बिल ऑटो-पेवर टाका, दळणाचा वार ठरवून ते एकाच्या नावावर करा, शुगरच्या तपासणीसाठी लॅबची पुढची तारीख आजच घेऊन ठेवा.