योजना खरी, पॅनेल खोटे

घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवायला अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेत खोट नाही, हे आधीच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. आमच्याच गल्लीत दोघांना मिळालंय. आम्हाला गंडा घालणाऱ्याने यातला एकही आकडा चुकीचा सांगितला नाही. मेख तिथेच होती.

सांगलीला बाबांच्या घरी हा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, तोंडात सारखं 'काका, काका'. ३ किलोवॅटचे १ लाख ९५ हजार सांगितले. अर्ज त्यानेच भरला आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. "काका, तुम्हाला ओटीपीचा ताप नको." त्यामुळे अर्ज कुठवर पोचलाय हे शेवटपर्यंत फक्त त्यालाच कळत राहिलं. पैसे पाठवायच्या खात्याचं नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळत नव्हतं. बाबांनी विचारलं, तर म्हणाला, "ती आमची सिस्टर कंपनी."

वर 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून मंजुरीसाठी आणि नेट मीटरसाठी (आपण घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) रोख उकळले, पावती नाही. प्रत्यक्षात १० किलोवॅटपर्यंतची मंजुरी आपोआप मिळते आणि या योजनेत नेट मीटर महावितरण फुकट बसवून देतं. 'बिल शून्य येईल' ही थापही त्यातलीच. कितीही वीज बनवा, स्थिर आकार भरावाच लागतो.

आता पॅनेल. कोटेशनमध्ये ५४० वॅटचे सहा, डीसीआर, म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. अनुदान फक्त अशाच पॅनेलवर मिळतं. गच्चीवर सहा पॅनेल चढले, बाबांनी नारळ फोडला, नव्वद टक्के रक्कम त्याच दिवशी गेली.

तपासणीला आलेल्या महावितरणच्या माणसाने वर जाऊन नुसतं पाहिलं आणि विचारलं, "हे निळे कसे?" ५४० वॅटचे मोनो (मोनोक्रिस्टलाइन) पॅनेल काळे दिसतात, मधोमध आडवी पट्टी असते, लांबी जवळपास साडेसात फूट. आमचे निळसर, टेप लावला तर साडेसहा फूटही भरेनात. मागच्या बाजूला ५४० वॅटचं स्टिकर होतं, एका कोपऱ्यात सुटलेलं. नखाने ओढलं तर खाली दुसरं निघालं: ३३५ वॅट, पॉलिक्रिस्टलाइन, म्हणजे जुन्या प्रकारचं निळसर पॅनेल. म्हणजे पैसे तीन किलोवॅटचे आणि गळ्यात मारला दोन किलोवॅटचा जुना माल, कुठल्या तरी प्रकल्पातून काढलेला असणार. मागचं स्टिकर कुणीही छापून चिकटवेल. पुढचा सीरियल नंबर काचेच्या आत असतो, तो बदलता येत नाही. आमच्या काचेतले नंबर डीसीआर प्रमाणपत्रावरच्या एकाही नंबराशी जुळले नाहीत. अनुदान तिथेच अडकलं.

त्याचा फोन तेव्हापासून बंद. ज्या नोंदणीकृत विक्रेत्याचं नाव तो सांगत होता, ते म्हणतात, हा आमचा माणूसच नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, ग्राहक आयोगाचे कागद वकिलाकडे आहेत.

कुणी सोलर बसवत असेल तर योजनेच्या पोर्टलवर स्वतःचा मोबाईल नंबर घाला. विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा आणि यादीतल्या नंबरावर फोन करून 'हा माणूस तुमचाच ना' हे विचारा. पॅनेल गाडीतून उतरताना, म्हणजे स्ट्रक्चरवर चढायच्या आधी, काचेतल्या प्रत्येक नंबराचा फोटो काढून प्रमाणपत्राशी ताडून पाहा; एकदा वर कसले की कुणी नीट तपासत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. नेट मीटर बसेपर्यंत मोठी रक्कम हातची सोडू नका. तो चिडला, "मग आम्हाला परवडत नाही" म्हणाला, तर खुशाल जाऊ द्या.

परवा मिरजेतल्या एका ओळखीच्यांनी कोटेशनचा फोटो पाठवला. कंपनीचं नाव वेगळं, पण मजकूर शब्दन् शब्द आमचाच, 'पॉवर'चं स्पेलिंगही तसंच चुकलेलं. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत.